मस्तिष्क व मेरुरज्जूतील अर्बुदे : स्थान, गती आणि चिकित्सकाचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व गलगंड यांच्यासमवेत अर्बुदाचे निदान सांगितले आहे. वातज, पित्तज, कफज, रक्तज, मांसज व मेदोज असे सहा प्रकार, कफ व मेद यांच्या आधिक्यामुळे अर्बुदाचा पाक न होणे, पूर्वीच्या अर्बुदावर पुन्हा उत्पन्न होणारे ते अध्यर्बुद आणि जोडीने अथवा क्रमाने उत्पन्न होणारे ते द्विरर्बुद, हा सर्व भाग आपण पदवीच्या वर्षांत पाठ केलेला असतो. त्याच वर्णनात असाध्य अर्बुदांची गणना करताना मर्मस्थानी व स्रोतसांत उत्पन्न झालेल्या आणि जागचे न हलणाऱ्या अर्बुदांचा उल्लेख येतो. परीक्षेत एका गुणाचे असलेले हे वाक्य प्रत्यक्ष व्यवसायात फार मोलाचे आहे. अर्बुद कशाचे बनले आहे याइतकेच ते कोठे उद्भवले आहे यावर रुग्णाचे भवितव्य ठरते, हा विचार त्यात आहे. मस्तिष्क व मेरुरज्जू येथील अर्बुदांना तो जितका लागू पडतो तितका शरीरातील दुसऱ्या कोणत्याही अवयवाला क्वचितच लागू पडत असेल.

कवटीच्या आतील अर्बुदाचे स्वतंत्र वर्णन आपल्या संहितांत आढळत नाही. वाग्भटांनी उत्तरस्थानात कपालव्याधींमध्ये अर्बुद गणले आहे, पण ते शिराच्या त्वचेवरील, डोळ्यांना दिसणारे व हातास लागणारे अर्बुद होय. त्याचा संबंध ओढूनताणून मस्तिष्कार्बुदाशी जोडणे योग्य नाही. मात्र आतील अर्बुदाने उत्पन्न होणारी लक्षणे शिरोरोग, छर्दि, अपस्मार, उन्माद, पक्षाघात, अर्दित, कर्णनाद, दृष्टिनाश अशा निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली आहेत आणि रुग्णही आपल्याकडे याच नावांनी येतो. ‘मला मस्तिष्कार्बुद झाले आहे’ असे सांगत कोणी येत नाही. तो अर्धशिशी, पित्त, सायटिका किंवा अशक्तपणा घेऊन येतो. म्हणून या अर्बुदांचे प्रकार आणि त्यांनी घेतलेली सोंगे यांचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे.

बंद पेटीतील अवकाश

प्रौढ माणसाची कवटी ही न ताणणारी अस्थिमय पेटी आहे. तिच्यात साधारण १४०० मिलिलिटर मस्तिष्क, सुमारे १५० मिलिलिटर रक्त आणि जवळजवळ तितकाच मस्तिष्कमेरुद्रव सामावलेला असतो. यांपैकी एकाचे आकारमान वाढले तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, हा सिद्धांत मन्रो यांनी १७८३ मध्ये व केली यांनी १८२४ मध्ये मांडला आणि तो आजही त्यांच्याच नावाने शिकवला जातो. अर्बुद वाढू लागले की प्रथम द्रव व नीलांमधील रक्त बाहेर सरकते. ही सोय संपली की दाब एकदम चढतो. त्यामुळे अनेक महिने केवळ किरकोळ डोकेदुखी असलेला रुग्ण दोन-चार दिवसांत बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचतो. नातेवाइकांना ते अचानक घडल्यासारखे वाटते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, गतीची. वर्षाला एखादा मिलिमीटर वाढणारे अर्बुद लिंबाएवढे होईपर्यंत मस्तिष्क त्याच्याशी जुळवून घेतो, तर काही आठवड्यांत वाढणारे त्याहून पुष्कळ लहान अर्बुद मारक ठरते. दुसरी, ‘सौम्य’ या शब्दाची. कर्करोग नाही असा अहवाल हाती आला की रुग्ण व कधीकधी चिकित्सकही निर्धास्त होतो. स्तनातील किंवा गर्भाशयातील सौम्य गाठीविषयी ते बऱ्याच अंशी ठीक असेल. परंतु मस्तिष्कस्तंभाला चिकटलेली सौम्य गाठही श्वसन थांबवू शकते. मस्तिष्कमेरुद्रव रोज सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. त्याच्या वाटेवर, विशेषतः चतुर्थ विवरात, बोराएवढी गाठ अडकली तरी जलशीर्ष निर्माण होते. स्रोतसातील अर्बुद असाध्य कोटीत का घातले असावे, हे अशा रुग्णाचा एमआरआय पाहताना समजते. आज तेथे शस्त्रक्रिया होते व रुग्ण वाचतो, पण वेळेत पोहोचला तर.

प्रकार व त्यांची ओळख

सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न हा की अर्बुद मूळचे तेथलेच आहे की अन्यत्र असलेल्या कर्करोगाची पेरणी आहे. प्रौढांत पेरणीने आलेली अर्बुदे मूळच्या अर्बुदांपेक्षा संख्येने अधिक असतात. फुप्फुस, स्तन, वृक्क व पचनमार्ग हे त्यांचे नेहमीचे उगम होत. काही रुग्णांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण खोकला नसून आक्षेप हे असते. म्हणून पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला दहा वर्षांनी नवी डोकेदुखी सुरू झाली तर जुना इतिहास कितीही मागचा असला तरी तो विचारात घ्यावा.

मूळच्या अर्बुदांचे पेशींवरून वर्गीकरण करण्याचा पाया बेली व कुशिंग यांनी १९२६ मध्ये घातला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ पासून त्याच्या आवृत्त्या काढल्या. पाचवी आवृत्ती २०२१ ची आहे. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशी दिसते यावर नाव ठरत असे. आता पेशीतील जनुकीय बदलही नावाचाच भाग झाला आहे. याचा व्यावहारिक परिणाम असा की जुन्या फायलीतील निदान व नव्या अहवालातील निदान जुळत नाही आणि नातेवाईक घाबरून विचारतात की रोग बदलला काय. उदाहरणार्थ, २०२१ पूर्वी आयडीएच जनुकात बदल असलेल्या ग्लायोब्लास्टोमास आता चौथ्या श्रेणीचा अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हणतात, आणि ग्लायोब्लास्टोमा हे नाव प्रौढांतील, आयडीएचमध्ये बदल नसलेल्या अर्बुदापुरते राखले आहे. श्रेणी एक ते चार अशा असतात व पूर्वीच्या रोमन अंकांऐवजी आता साधे अंक लिहितात.

मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींपासून होणाऱ्या अर्बुदांना ग्लायोमा म्हणतात. यांतील सर्वांत उग्र ग्लायोब्लास्टोमा. तो बहुधा पन्नाशीनंतर येतो व आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड या तिन्हींचा क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनंतर रूढ झाला. त्या चाचणीत मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. पाच वर्षे जगणारे रुग्ण आजही शंभरात दहांहून कमी आहेत. हे आकडे रुग्णाला तोंडावर सांगण्यासाठी नाहीत, पण ‘तीन महिन्यांत गाठ विरघळवून देतो’ असे सांगणाऱ्याच्या बोलण्याचे मोल ठरवण्यासाठी आपल्याला ते ठाऊक हवेत.

ग्लायोमा समूळ का निघत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. त्याला कोश नसतो. त्याच्या पेशी निरोगी मस्तिष्कात धाग्याधाग्याने शिरलेल्या असतात, त्यामुळे शल्यचिकित्सकाला सीमाच सापडत नाही. अर्बुदाचा दोषशेष राहिला तर ते पुन्हा शीघ्र उत्पन्न होते व मारक ठरते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बजावले आहे. ते हातास लागणाऱ्या अर्बुदाविषयी लिहीत होते, पण निरीक्षण येथेही खरे ठरते.

कमी श्रेणीचे ग्लायोमा तरुणांत दिसतात. त्यांचे पहिले व कित्येक वर्षे एकमेव लक्षण आक्षेप हे असू शकते. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमात गुणसूत्र १पी व १९क्यू यांचे भाग एकत्र गळालेले असतात, सीटी स्कॅनवर चुनखडी दिसते आणि योग्य उपचारांनी दहा वर्षांहून अधिक आयुष्य मिळणारे रुग्ण पुष्कळ आहेत. दुसऱ्या श्रेणीच्या आयडीएच-बदलयुक्त ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब हे तोंडाने घ्यावयाचे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले. या क्षेत्रात कित्येक वर्षांनी आलेली ही खरीखुरी नवी गोष्ट आहे.

मस्तिष्कावरणापासून उद्भवणारा मेनिंजिओमा हा प्रौढांतील मूळच्या अर्बुदांपैकी सर्वांत अधिक आढळणारा. हे नाव कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. स्त्रियांत तो अधिक असतो, बहुतेक वेळा पहिल्या श्रेणीचा असतो, मस्तिष्कात न शिरता त्याला बाहेरून दाबतो व पूर्ण काढता आल्यास रुग्ण बरा होतो. लहान व लक्षणरहित असल्यास केवळ ठराविक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवतात. बालपणी डोक्यास दिलेल्या किरणांनी तो वाढतो हे इस्राएलमधील गजकर्णासाठी किरणोपचार केलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातून सिद्ध झाले आहे. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या दीर्घ वापराशीही त्याचा संबंध २०२४ च्या फ्रेंच अभ्यासात दिसला. स्त्रीरुग्णाच्या इतिहासात हे विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

श्रवणनाडीवरील श्वानोमा, पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतील अर्बुदे आणि मस्तिष्कातील लिम्फोमा यांचा उल्लेख पुढे लक्षणांच्या अनुषंगाने येईलच. बालकांत चित्र निराळे असते. त्यांची अर्बुदे बऱ्याचदा अनुमस्तिष्क, चतुर्थ विवर व मस्तिष्कस्तंभ या खालच्या भागात असतात. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा पूर्ण काढल्यास मूल बहुधा कायमचे बरे होते. मेड्युलोब्लास्टोमा उग्र असूनही प्रगत केंद्रांत दहांपैकी सुमारे सात मुले पाच वर्षांपलीकडे जगतात. उलट मस्तिष्कस्तंभात पसरणाऱ्या ग्लायोमात एक वर्षही कठीण असते. एकाच कप्प्यातील तीन अर्बुदे आणि तीन निरनिराळी भवितव्ये! पालकांना एकाच तराजूने तोलून आशा किंवा निराशा देऊ नये.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी हवी. स्कॅनवर कड्यासारखी चमकणारी प्रत्येक गाठ अर्बुद नसते. क्षयाची गाठ आणि पट्टकृमीच्या अळीची पुटी या दोन्ही आपल्याकडे सर्रास आढळतात व औषधांनी बऱ्या होतात. फिल्म उजेडासमोर धरून निदान उच्चारण्याचा मोह आवरावा. ‘गाठ दिसते आहे, ती कशाची हे मज्जातज्ज्ञ ठरवतील’ एवढेच वाक्य त्या दिवशी पुरेसे असते.

आपल्या दारी येणारी सोंगे

शिरःशूल हे सर्वांत परिचित लक्षण, पण सर्वांत फसवेही. डोकेदुखीच्या असंख्य रुग्णांत अर्बुदाचा एखादाच असतो, आणि पुस्तकात वर्णिलेला नमुना म्हणजे पहाटे वाढणारी व ओकारीनंतर उतरणारी वेदना, ही अर्बुदाच्याही थोड्याच रुग्णांत सापडते. म्हणून वेदनेच्या जातीपेक्षा बदल महत्त्वाचा. चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, खोकताना किंवा वाकताना तीव्र होणारी, झोपेतून उठवणारी डोकेदुखी निराळी मानावी. सुश्रुतोक्त अकरा शिरोरोगांपैकी कोणात तिला बसवावे हा विचार नंतर करता येईल. प्रथम नेत्रतल पाहून घ्यावे. जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी काही मिनिटांत होते. दृक्‌नाडीच्या चकतीवर सूज दिसली तर त्या दिवशीच रुग्णालय गाठावे. चकती स्वच्छ दिसली म्हणून अर्बुद नाहीच असे मात्र समजू नये.

छर्दिचे सोंग मुलांत विशेष घातक. सकाळी उठताच मळमळ न होता एकदम ओकारी होते, मग मूल खेळू लागते. जंत, अम्लपित्त, शाळेची टाळाटाळ अशा क्रमाने उपचार होत राहतात. सोबत चालताना तोल जाणे, मान एका बाजूस कलती ठेवणे, नव्याने तिरळेपणा येणे, अक्षर बिघडणे, यांपैकी एक जरी असेल तरी पोटाचे औषध थांबवून डोक्याकडे पाहावे. ब्रिटनमध्ये अशा लक्षणांची साधी पत्रके डॉक्टर व पालकांत वाटण्याची मोहीम २०११ मध्ये सुरू झाली आणि लक्षणांपासून निदानापर्यंतचा काळ पूर्वीच्या सुमारे चौदा आठवड्यांवरून सातच्या आसपास आला. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही.

प्रौढ वयात पहिल्यांदा आलेला आक्षेप, विशेषतः एकाच हाताच्या बोटांतून किंवा ओठाच्या कोपऱ्यातून सुरू होऊन पसरणारा, हा अपस्मार म्हणून लिहून मोकळे होण्याचा विषय नाही. प्रत्येकाचे एमआरआय झालेच पाहिजे.

ललाटखंडातील मेनिंजिओमा मनोविकाराचे सोंग घेतो. चांगला व्यवहारदक्ष दुकानदार हिशेबात रस घेईनासा होतो, दाढी करीत नाही, भलत्या जागी विनोद करतो, कपड्यांत मूत्रविसर्जन झाले तरी खंत वाटत नाही. घरचे म्हणतात ‘म्हातारपण’, शेजारी म्हणतात ‘मनावर घेतले’, आणि ब्राह्मी-जटामांसी चालू होते. अशा रुग्णाला एकेका नाकपुडीने हिंग किंवा कॉफीचा वास घ्यावयास सांगावे. एका बाजूची घ्राणशक्ती गेली असेल तर संशय बळावतो.

श्रवणनाडीच्या श्वानोमात एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येते व नाद होतो. फोन नेहमीच्या कानाऐवजी दुसऱ्या कानाला लावावा लागतो, हे रुग्ण सहज बोलून जातो. दोन्ही कानांचा नाद व एका कानाचा नाद यांत भेद करावा. एकाच कानाच्या बहिरेपणावर महिनोन्‌महिने कर्णपूरण करीत राहणे योग्य नव्हे.

पीयूषिका ग्रंथीची अर्बुदे आपल्याकडे आर्तवक्षय, वंध्यत्व किंवा क्लैब्य या नावाने येतात. मूल नसताना स्तनांतून दूध येणे हे चिन्ह विचारल्याशिवाय स्त्रिया सांगत नाहीत. रक्तातील प्रोलॅक्टिन तपासावे. काही औषधांनीही ते वाढते, म्हणून चालू गोळ्यांची यादी घ्यावी. प्रोलॅक्टिन स्रवणारे अर्बुद बहुतांशी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आक्रसते, शस्त्रक्रिया क्वचित लागते. दोन्ही दृक्‌नाड्या जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे दाब आला की दोन्ही बाजूंची कडेची दृष्टी जाते. रुग्ण दाराच्या चौकटीला धडकतो, दुचाकीवर बाजूने आलेले वाहन त्याला दिसत नाही, पण समोरचा तक्ता तो अचूक वाचतो. चपलेचा नंबर वाढणे, अंगठी घट्ट होणे हीही याच ग्रंथीची भाषा.

मेरुरज्जू : वरची पातळी पाहावी

मेरुरज्जूतील अर्बुदांची विभागणी तीन थरांत करतात. कठीण आवरणाबाहेरील अर्बुदे बहुधा पेरणीची असतात व मणक्यांतून येतात. आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर श्वानोमा व मेनिंजिओमा असतात, आणि ही काढण्यास तुलनेने सोपी असतात. प्रत्यक्ष रज्जूच्या गाभ्यात प्रौढांत एपेंडिमोमा व मुलांत अ‍ॅस्ट्रोसायटोमा अधिक. गाभ्यातील अर्बुदात स्पर्श कळतो पण उष्णता व वेदना कळत नाही. तव्याचा चटका बसूनही कळला नाही असे सांगणाऱ्या गृहिणीचा मधुमेह तपासून थांबू नये.

मेरुरज्जूतील अर्बुद काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८७ साली केली. रुग्ण कित्येक वर्षे पाठदुखीने हैराण होता व पुढे दोन्ही पाय लुळे पडले होते. गॉवर्स यांनी केवळ तपासणीवरून जागा ठरवली. पाठ उघडल्यावर अपेक्षित ठिकाणी काही सापडेना. आणखी वरचा भाग उघडला तेव्हा गाठ मिळाली, आणि तो रुग्ण पुढे चालू लागला.

‘आणखी वर’ हा धडा आजही लागू आहे. प्रौढांत मेरुरज्जू कटीच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली नुसत्या नाड्या असतात. दोन्ही पायांत जडपणा आलेल्या रुग्णाचे कंबरेचे एमआरआय केले तर त्यात छातीच्या पातळीवरील अर्बुद दिसणारच नाही. दिसते ती चकतीची थोडी फुगवटी, जी या वयात कोणाच्याही कंबरेत सापडते, आणि गृध्रसीचे उपचार चालू होतात. माझ्या पाहण्यातील पन्नाशीच्या एका स्त्रीचे असे दोन वेळा कंबरेचे एमआरआय झाले होते. पायऱ्या उतरताना पाय ‘काठीसारखे’ होतात असे ती सांगे. गुडघ्याखाली हातोडी मारताच पाय उसळला. गृध्रसीत प्रतिक्षेप मंदावतात किंवा तसेच राहतात, ते उसळत नाहीत. छातीचे एमआरआय केल्यावर मेनिंजिओमा निघाला. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ती काठीच्या आधाराने चालू लागली. तीस-चाळीस रुपयांची रबरी हातोडी प्रत्येक चिकित्सालयात असावी व टेबलाच्या खणात न राहता वापरात असावी, हे माझे आग्रहाचे मत आहे.

पाठदुखी आडवे पडल्यावर वाढणे, रात्री झोपमोड करणे, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, ही चिन्हे चकतीच्या दुखण्यात सहसा नसतात. त्यांत लघवी अडणे किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली तर तो आणीबाणीचा रुग्ण होय. कर्करोगाने मेरुरज्जू दबलेल्या रुग्णांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. उपचारापूर्वी जो चालत होता त्याचे चालणे टिकण्याची शक्यता फार मोठी. ज्याचे पाय आधीच गेले त्याची कमी. येथे तासांचा हिशेब असतो. पेरणीने पोखरलेल्या मणक्यावर जोरकस मर्दन किंवा मणका बसवण्याचे प्रयोग झाले तर तो मोडतो. कटिबस्ती घेण्यासाठी आलेल्या प्रत्येक वृद्धाला वजन घटले आहे काय व पूर्वी कर्करोग झाला होता काय, हे दोन प्रश्न विचारावेत. पाठीच्या क्षयाचाही विचार हवा. त्यात दोन मणक्यांमधील चकती नष्ट होते, पेरणीत ती बहुधा शाबूत राहते.

उपशयाचा भ्रम

आता औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींशी थेट संबंध असलेला मुद्दा. डेक्सामेथासोनमुळे अर्बुदाभोवतीची सूज झपाट्याने उतरते, हे गॅलिसिच व फ्रेंच यांनी १९६१ मध्ये दाखवले. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत डोकेदुखी थांबते, ओकारी थांबते, लुळा हात उचलू लागतो. अर्बुद मात्र जेथल्या तेथे असते. बाजारात सांधेदुखी व दम्यासाठी ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? अशी पुडी डोकेदुखीच्या रुग्णाच्या हाती पडली तर त्याला ‘गुण’ येतो. उपशय मिळाला म्हणजे निदान बरोबर, असा आपला तर्क असतो. येथे तोच तर्क घात करतो. दोन-तीन महिने गुणात जातात व त्या काळात गाठ दुप्पट होते. मस्तिष्कातील लिम्फोमात तर स्टेरॉइडने गाठ तात्पुरती विरघळते. मग काढलेल्या तुकड्यात रोग सापडत नाही आणि मिथोट्रेक्झेटसारखा खरा उपचार लांबतो.

म्हणून बिननावाचा, बॅच क्रमांक नसलेला माल दुकानात येऊच देऊ नये. आणि एखाद्या चूर्णाने जुनाट डोकेदुखी दोन दिवसांत नाहीशी झाली, भूक अतोनात वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर आनंदित होण्याऐवजी ते चूर्ण तपासणीस पाठवावे.

उपचार चालू असलेला रुग्ण

शस्त्रक्रिया वा किरणोपचार झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांना आपला उपयोगही आहे. अग्निमांद्य, मलावष्टंभ, निद्रानाश, मुखशोष, लुळ्या अंगाचे जडत्व, यांत युक्तीने केलेली योजना रुग्णाला दिलासा देते. काही पथ्ये मात्र चिकित्सकाने पाळावीत.

स्टेरॉइड व आक्षेपरोधक औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. स्टेरॉइड एकाएकी थांबले तर अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाही व रुग्ण कोसळतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याला उकिडवे बसून उठता येत नाही, ते मांड्यांच्या स्नायूंच्या क्षयामुळेही असते. रक्तातील साखर पाहत राहावी. ज्येष्ठमधाच्या मोठ्या मात्रेने पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो, म्हणून स्टेरॉइडसोबत ते टाळावे.

फेनिटोइन घेणाऱ्या रुग्णाला शंखपुष्पीचे कल्प देताना विशेष सावध राहावे. शंखपुष्पीयुक्त एका कल्पामुळे रक्तातील फेनिटोइनची पातळी घटून आक्षेपांवरील नियंत्रण गेल्याची नोंद मुंबईतील औषधशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून आपल्या काउंटरवरून चिठ्ठीविना जाणाऱ्या बाटल्यांत हेच द्रव्य असते. याउलट पिप्पली व मरिचातील पायपरीन फेनिटोइनचे शोषण वाढवते. त्रिकटूची सवय असलेल्या रुग्णात तोल जाणे व डोळे थरथरणे हे अर्बुदाचे लक्षण न राहता औषधाधिक्याचे असू शकते. बाटली विकण्यापूर्वी ‘फिटची गोळी चालू आहे काय?’ हा प्रश्न विक्रेत्यानेच विचारावा.

टेमोझोलोमाइड चालू असताना श्वेतकण व रक्तबिंबिका घटतात. या काळात रक्तमोक्षण, तीक्ष्ण विरेचन व बस्तीयंत्राने इजा होण्याचा संभव असलेली कर्मे करू नयेत. कवटीतील दाब वाढलेला असताना वमन तर मुळीच देऊ नये, कारण ओकताना होणाऱ्या जोराने तो आणखी चढतो. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवर किरणतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तेल लावू नये. आणि एक पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर त्या पायास अभ्यंग करू नये. ग्लायोमाच्या रुग्णांत नीलेत रक्त गोठण्याचे प्रमाण मोठे असते आणि मर्दनाने सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन प्राण घेते.

मोबाइल फोनविषयी प्रश्न रोज येतात. त्याच्या लहरींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये ‘संभाव्य’ गटात ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मात्र मस्तिष्कार्बुदाशी संबंध दिसला नाही. रुग्णाला तेवढेच सांगावे. तसेच कर्करोग, मस्तिष्काचे विकार, अपस्मार व पक्षाघात हे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाच्या अनुसूचीतील विकार आहेत. त्यांवरील इलाजाची जाहिरात, मग ती फलकावर असो वा मोबाइलवरील संदेशात, गुन्हा ठरते, याची आठवण वितरकांनाही करून द्यावी.

रुग्ण पुढे पाठवताना ‘डोके तपासणे’ एवढीच चिठ्ठी देऊ नये. पहिले लक्षण कोणत्या महिन्यात आले, नंतर कोणत्या क्रमाने वाढले, कोणती बाजू, प्रतिक्षेप कसे, नेत्रतल पाहिले असल्यास काय दिसले, पूर्वी कर्करोग वा क्षय झाला होता काय, आणि आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा व निर्माता लिहावा. भस्म दिले असल्यास ते लपवू नये. चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी व आठ दिवसांनी घरी फोन करून रुग्ण तेथे पोहोचला काय याची चौकशी करावी. पुष्कळदा तो पोहोचलेला नसतो. पैशांची जुळवाजुळव, पिके, घरातील लग्न अशी कारणे असतात. शासकीय योजनेतून खर्च मिळू शकतो काय हे रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना विचारण्यास त्यांना त्याच फोनवर सांगावे.